आतून कडी

माझ्या हातून आयुष्यात एकच बांधकाम झालं आणि त्यात मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला सील केलं. म्हातारा नेहमीसारखा फेकतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी शेजारच्या पोस्टमास्तरांना विचारावं. ते ही गोष्ट माझ्यापेक्षा वाढवून सांगतात. त्यांच्या सांगण्यात दादा तीन दिवस आत होता. तीन दिवस नव्हता. सहा तास होता. मी मोजलेत, कारण त्या सहा तासांत मोजण्याशिवाय दुसरं काही करण्याची माझी लायकी उरली नव्हती.

झालं असं, की दादाचा फोन आला.

"वसतिगृह बंद होतंय रे," तो म्हणाला. "महिनाअखेर खोली सोडायची. माझ्यासाठी कुठे काही बघतोस का? फार नको. एक खोली पुरे. फक्त तिला आतून कडी पाहिजे."

"कडी? अरे, कडी काय, कुलूप बसवू."

"कुलूप बाहेरून असतं," दादा म्हणाला. "मला आतून पाहिजे."

दादा चाळीस वर्षं त्या वसतिगृहाचा रेक्टर होता. लग्न केलं नाही, खोलीही एकच. पण तिथला एक नियम होता: रेक्टरच्या दाराला आतून कडी नसायची. कुणाचं पोट दुखलं, कुणाला घरची आठवण आली, तर दार ढकलून थेट आत येता आलं पाहिजे. चाळीस वर्षं लोक ते दार ढकलत आले. आणि त्याआधी? त्याआधी आमच्या घरी दोन खोल्या होत्या. त्यातली आतली, कडीची, मला दिलेली, कारण मी हुशार आहे अशी घरात अफवा होती. दादाची खाट बाहेर बोळात. येणारा-जाणारा त्याच्या पायांना ठेचकाळून जायचा. मी कडी लावून अभ्यास करायचो, म्हणजे बहुतेक झोपायचो, आणि दादा चहा घेऊन दार वाजवायचा. मी आतून ओरडायचो, "आत्ता नको. ठेव बाहेर." तो ठेवून जायचा. नंतर साय धरलेला तो गार चहा पिऊन मी वर तक्रारही करायचो. असो. जुन्या गोष्टी आहेत.

आमच्या सध्याच्या घरात मी, ही, मुलगा, सून आणि सुनेचं शिवणाचं मशीन राहतो. मशीनला खिडकीजवळची जागा आहे, मला नाही. तेव्हा दादाला घरात घ्यायचं तर कुणाला तरी भिंतीवर टांगावं लागलं असतं. पण मागे अंगण होतं, गल्लीच्या फाटकापर्यंत लांबट. तिथे एक खोली बांधू म्हणून बांधकाम खात्यात गेलो, तर खिडकीतल्या माणसाने माझा अर्ज एका ढिगावर ठेवला. त्या ढिगातला तळाचा अर्ज ज्याने केला होता तो माणूस वारला, हे त्याने मला आपुलकीने सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात कंटेनर आला.

आता कंटेनर या विषयावर मला कुणी शिकवू नये. चौतीस वर्षं मी कंटेनरच्या डेपोत सील-कारकून होतो. माल भरला, की दोन्ही दारं ओढायची, दांडे फिरवायचे, सील ठोकायचं, नंबर लिहायचा, सही करायची. बोटाएवढा जाड लोखंडी खिळा असतो, एकदा दाबला की खट्ट. मग लांब दांड्याच्या कातरीने कापल्याशिवाय निघत नाही. आणि कापायचा तो साक्षीदारासमोरच. चौतीस वर्षांत मी एकही सील साक्षीदाराशिवाय तोडलं नाही. गल्लीत मला अजून 'सीलवाले' म्हणतात. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मखमली डबीत घालून एक चकचकीत सीलच भेट दिलं. ते मी खिशात बाळगतो. काही लोक जपमाळ बाळगतात.

डेपोतल्या जुन्या ओळखीवर एक वीस फुटी पेटी मिळाली, मोडीत काढलेली. "स्वच्छ मालाची आहे," डेपोवाला म्हणाला. त्यात सतरा वर्षं लसूण फिरला होता, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पेटी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच पोस्टमास्तर नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

"सीलवाले, यात माणूस राहणार?"

"माझा थोरला भाऊ."

"काही वैर आहे का?"

मग त्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ते भाजतील, हिवाळ्यात गारठतील, मधल्या काळात गंजतील. छतावर पोती टाका. पोती ओली ठेवा. पोती ओली ठेवू नका, पत्रा सडेल. पांढरा रंग द्या. पांढऱ्यावर डाग दिसतात, करडा द्या. मी सगळं ऐकलं, कारण शेजाऱ्यांचं न ऐकता घर बांधलं तर ते नंतर रोज येऊन ऐकवतात. छतावर पोती टाकली, ती भिजवली, आणि दुसऱ्या दिवशी आत पाऊस पडला. बाहेर आभाळ नुसतं भरलेलं होतं, आठवडाभर तसंच होतं, थेंब नाही. आत मात्र छताला धरलेला दमट घाम टपटप गळत होता. असा पाऊस मी जन्मात पाहिला नाही. पोती काढली.

खिडकीची गोष्ट वेगळी. ती आणखी वाईट आहे.

पेटी यायच्या आधीच ती डेपोत कापून घ्यायची ठरली होती. वेल्डर म्हणाला, "कुठल्या बाजूला पाडू?" मी दारासमोर नेहमीच्या जागी उभा होतो. हात करायचं सोडून तोंडाने म्हणालो, "उजवीकडे." आणि चहा प्यायला गेलो. वेल्डर पेटीच्या आत उभा होता, तोंड माझ्याकडे. त्याची उजवी ती माझी डावी. त्याचं काहीच चुकलं नाही. आत उभ्या राहणाऱ्या माणसाची उजवी वेगळी असते, हा विचार मला चौतीस वर्षांत करावाच लागला नव्हता. मी कधी कंटेनरच्या आत पाऊलच ठेवलं नव्हतं. आत जाणारे हमाल. मी बाहेरचा.

क्रेन आली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. पेटी वर उचलली गेली तेव्हा आमच्या अंगणात अंधार पडला आणि कोंबड्या झोपायला गेल्या. (कोंबड्या आमच्या नाहीत. पण गेल्या.) पेटी खाली टेकली. दार गल्लीच्या फाटकाकडे, बरोब्बर. आणि जी खिडकी आमच्या स्वयंपाकघराकडे उघडायला हवी होती, ती उघडली पोस्टमास्तरांच्या कुंपणभिंतीवर. मध्ये एक वीत जागा.

"फिरवा," मी म्हणालो.

"फिरवायला जागा कुठाय, काका?" क्रेनवाला म्हणाला. "आधी ती भिंत पाडा नाहीतर तुमचं घर."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चौतीस वर्षं कुठे नोकरीला होता म्हणालात?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला तिचं एवढंच बोलणं नेहमी पुरतं.

आता परवानगी. बांधकाम खातं म्हणालं, याला पाया नाही, ही इमारत नव्हे. वाहन खातं म्हणालं, याला चाकं नाहीत, हे वाहन नव्हे. मी दोन खिडक्यांच्या मधल्या बाकावर बसलो. जगात असूनही कुठल्याच खात्यात नसणाऱ्या वस्तूचा मालक म्हणून मला फार एकटं वाटलं. शेवटी तिसऱ्या खिडकीतल्या बाईंना दया आली. त्यांनी मला 'मालाची तात्पुरती साठवण' नावाचा अर्ज दिला. नव्वद दिवसांची परवानगी, पहिली तपासणी सुरुवातीलाच, पुढे दर वेळी तपासणी होऊन वाढत जाणारी. अटी दोन. आत मनुष्यवस्ती नसावी. आणि तपासणीच्या वेळी पेटी बंद व सीलबंद असावी; सील तोडायचं तर पंधरा दिवस आधी अर्ज करून, साहेबांच्या समोर.

"मालाचं वर्णन लिहा," बाई म्हणाल्या.

मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग लिहिलं: 'जुने घरगुती सामान. नग एक.'

दादा आला तो एक ट्रंक, एक छत्री आणि वसतिगृहाची पितळी घंटा घेऊन. घंटा कुणाला नको होती म्हणून त्याने आणली. तो पेटीत शिरला, चारी भिंतींवरून हात फिरवला, खिडकीतून भिंत पाहिली.

"छान आहे," तो म्हणाला. "भिंत आपल्याकडे बघत नाही." मग दाराशी आला. दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवत राहिला, वरपासून खालपर्यंत, जणू कुणी काही लपवलंय. "कडी?"

आता, कंटेनरच्या दाराला आतून काहीही नसतं. का असावं? लसूण आतून दार लावत नाही. सगळे दांडे बाहेर.

"बसवू की," मी म्हणालो. "उद्या वेल्डर येतोय."

वेल्डर उद्या आला नाही, परवाही नाही. दादा आतून दाराला पंचा बांधून तो ओढून धरायचा आणि झोप लागली की पंचा सुटायचा. मग दार कुरकुरत उघडायचं. चौथ्या दिवशी त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. "सवय आहे," तो म्हणाला. "मला लोक दार ढकलतील असं वाटतच राहतं. कडी झाली की येईल झोप."

इन्स्पेक्टर सोमवारी येणार होता, म्हणून शनिवारी आला.

सकाळचे अकरा. दादा आत पडला होता. गल्लीत फटफटीचा आवाज झाला, हातात कागद लावलेली पाटी धरलेला एक बारका माणूस फाटकातून आत आला, आणि मी धावलो. दादाला बाहेर काढायला वेळ नव्हता. मी आत तोंड घालून पुटपुटलो, "दादा, तू सामान आहेस," आणि दोन्ही दारं ओढली. दांडे फिरवले. तेवढ्यावर भागेल असं वाटलं.

"आत काय?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"घरगुती सामान."

"कसलं?"

मी उत्तर जुळवू लागलो. आणि आतून, लोखंडातून, अगदी स्वच्छ आवाज आला: "जुनं."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी माझे ओठ हलवले, म्हणजे आपणच बोललो असं वाटावं. उशिरा हलवले. पण तो सरकारी माणूस होता. अर्जात 'जुने' लिहिलेलं होतं, कानांनीही 'जुनं' ऐकलं, नोंद जुळली. त्याने बरोबरची खूण केली.

"सील?" तो म्हणाला.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, पुढचं मी केलं नाही. माझ्या हाताने केलं. चौतीस वर्षं कुणी तरी साहेब पाटी घेऊन शेजारी उभा राहून "सील?" म्हणाला, की हा हात खिशात जायचा. तो गेला. मखमली डबी उघडली. खिळा दांड्याच्या भोकात बसला.

खट्ट.

काय सुंदर आवाज होता! इन्स्पेक्टर खूश झाला. नंबर लिहिला, सही केली, माझी घेतली, "असे अर्जदार मिळत नाहीत हल्ली," म्हणाला आणि गेला. फटफटीचा आवाज गल्लीच्या टोकाशी संपला तेव्हा कुठे मी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"उघडा आता," मागून ही म्हणाली.

"उघडत नाही."

"म्हणजे?"

"कापावं लागतं."

"मग कापा!"

आणि इथे, वाचकहो, मी थांबलो. ही गोष्ट पोस्टमास्तरही सांगत नाहीत, त्यांना माहीत नाही. मी म्हणालो, "साहेबांच्या समोर कापायला हवं. पंधरा दिवस आधी अर्ज..."

हिने माझ्याकडे असं पाहिलं की पत्रा वितळावा. "अहो, भाऊजी आत आहेत! तुमचा भाऊ आहे तो, लसूण नाही!"

खिडकी आणि कुंपणभिंत यांच्या फटीतून दादाचा आवाज आला. "अगं, त्याला ओरडू नको. नियम आहे तर राहू दे. मी पण नियमातच होतो चाळीस वर्षं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी कातरी शोधायला निघालो. डेपो शनिवारी बंद. लोहाराकडे करवत होती, ती त्या खिळ्यावर तीन दात टाकून परत आली. माझ्या हातचं सील होतं. चांगलंच बसलं होतं. वेल्डर फोनवर म्हणाला, पाचला येतो. तोपर्यंत हिने कपडे वाळत घालायच्या काठीला डबा बांधून तो त्या वीतभर फटीतून खिडकीपर्यंत नेला. पहिला डबा भिंतीला घासून उपडा झाला. दुसरा पोचला. पोस्टमास्तर भिंतीवरून वाकून काठीला दिशा देत होते: "डावीकडे, डावीकडे! तुमची नव्हे, त्यांची डावी!" दुपारी दीडनंतर आतून आवाज येणं बंद झालं. मी पत्र्यावर हात ठेवून "दादा?" म्हणालो. काही नाही. पुन्हा म्हणालो. काही नाही. मी अंगणात बादली उपडी टाकून तिच्यावर बसलो आणि आभाळाकडे बघत राहिलो. ते अजून भरलेलंच होतं.

वेल्डर पाचला आला तेव्हा मी सीलकडे बोट दाखवलं. त्याने पाहिलं, डोकं खाजवलं.

"काका, हे तोडलं तर पुढच्या तपासणीला काय दाखवणार? परवानगी जाईल, पेटी उचलतील. मग बाबा कुठे जाणार?"

"पण त्याला बाहेर काढायचंय रे!"

"सील तोडायला बंदी आहे. भिंत कापायला कुणी काही म्हटलंय?"

मी चौतीस वर्षं पेट्यांबरोबर काढली, पण हे मला सुचलं नसतं. दारातूनच जायचं-यायचं असतं, असं मी समजून चाललो होतो. वेल्डरने आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत आखली, "बाबा, लांबच्या कोपऱ्यात बसा," असं तीनदा ओरडला, आणि आतून शेवटी झोपेतला आवाज आला, "हां, हां, बसलो." मग ग्राइंडर लागला. त्या आवाजाने गल्लीतली सगळी दुधं नासली म्हणतात. पत्र्याचा दाराएवढा तुकडा कलंडून पडला आणि मी आत पाऊल टाकलं.

पहिल्यांदा. वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

आत कसं असतं ते मी सांगू शकत नाही. कापलेल्या भोकापुरता उजेड सोडला तर काळोख होता. छताला गंजाची बारीक भोकं, त्यातून उजेडाचे ठिपके. दाराच्या आतल्या बाजूला मी शोधत होतो ते काही नव्हतं. एक ओरखडा नाही, ठोकल्याची खूण नाही. दादा ट्रंकेवर बसला होता, केस उशीने चपटलेले.

"दादा, मी..."

"झोपलो होतो रे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच आश्चर्य होतं. "साडेतीन तास. अशी झोप मला शाळेत असल्यापासून लागली नव्हती. पडल्या पडल्या वाटलं, आता कुणी म्हणजे कुणीही येऊ शकत नाही. आणि गेलो."

मी त्याच्या शेजारी बसलो. काही तरी बोलायचं होतं. वेल्डर भोकातून डोकावत होता. म्हटलं, नंतर बोलू; आता दादा इथेच आहे, बोलायला उभं आयुष्य आहे. आमचं दोघांचं मिळून जेवढं असेल तेवढं.

त्या भोकाला दार बसलं. दाराला आतून कडी बसली, जाड, पितळेची. दादाने ती सात वेळा लावून-काढून पाहिली. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्या दारावर हिने चार चादरी वाळत घातल्या. इन्स्पेक्टर गल्लीतून आला, समोरचं सील पाहिलं, नंबर जुळवला, नव्वद दिवस वाढवून गेला. असं आता दर नव्वद दिवसांनी चालतं. सील अजून माझंच आहे. त्याच्यावर गंज चढला नाही. पेटीच्या इतर सगळ्यावर चढलाय.

दादा सामान म्हणून बरा राहतो. जेवायला येतो, डबा परत देतो, घंटा कधी वाजवत नाही. आणि दिवसाचा बराच वेळ त्याचं दार बंद असतं.

परवा संध्याकाळी हिने दोन कप चहा केला. "जा, दोघं बसा जरा," म्हणाली. मी कप घेऊन अंगणातून गेलो. त्या दिवशी ट्रंकेवर बसून जे बोलायचं राहिलं होतं ते मी मनात नीट जुळवून घेतलं होतं. बोळातली खाट, तो चहा, सगळंच. कोपराने दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून दादा म्हणाला.

बहात्तर वर्षांत मी त्याच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. त्याला विचारायची वेळच कुणी दिली नव्हती.

"मी आहे. चहा आणलाय."

ट्रंक कुरकुरली. कडीपर्यंत कुणी आलं नाही.

"आत्ता नको," दादा म्हणाला. रागाने नव्हे, अगदी आरामात, अंग सैल सोडून. "ठेव बाहेर."

मी ठेवला. माझाही त्याच्या शेजारी ठेवला, आणि साय धरेपर्यंत तिथे उभा राहिलो.